थैली, तिकीट आणि वर्गणी

१८४२ साली कर्नाटकातून भागवत मंडळींचा एक ताफा सांगलीत उतरला. यक्षगानाच्या वळणाचे त्यांचे खेळ संस्थानाधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्यासमोर झाले. सोंगं, नाच, गाणं आणि मधूनमधून बोलणं असा तो प्रकार होता. अप्पासाहेबांना त्यातली कल्पना आवडली आणि असं काही मराठीत, अधिक नेटकेपणानं व्हावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. दरबारात कवी, शास्त्री, कीर्तनकार यांची वाण नव्हती. तरीही काम सोपवलं गेलं ते पदरी असलेल्या अमृतराव भाव्यांच्या तरुण मुलावर. हा विष्णू, म्हणजेच पुढचे विष्णुदास भावे, कविता रचायचा, आख्यान रंगवून सांगायचा आणि कळसूत्री बाहुल्या बनवण्यात त्याचा हात चालायचा. नाटक त्यानं कधी केलं नव्हतं. महाराष्ट्रात तसं मराठी नाटक अजून कुणीच केलं नव्हतं.

वर्षभरानं, ५ नोव्हेंबर १८४३ रोजी, सांगलीच्या राजवाड्यात ‘सीतास्वयंवर’ झालं. मराठी रंगभूमीचा इतिहास इथून मोजतात, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. या खेळाचा खर्च कुणी केला, कशाच्या बोलीवर केला आणि तो पैसा आटल्यावर काय झालं, याकडे मात्र फारसं कुणी वळत नाही. कलेच्या इतिहासात कलावंतांची नावं ठळक छापली जातात आणि पैसा तळटिपेत जातो. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात ही तळटीपच मुख्य मजकुराइतकी मोलाची आहे. कृष्णा-वारणेच्या या प्रदेशात मोठी राज्यं थोडी आणि छोटी संस्थानं पुष्कळ होती: सांगली, मिरज थोरली, मिरज धाकटी, औंध, फलटण, जत. त्यांच्या थैल्या लहान होत्या आणि त्यातून जे दिलं गेलं तेही बेताचंच होतं. तरी त्या बेताच्या पैशातून काय काय उभं राहिलं, हे पाहण्यासारखं आहे.

त्या काळी कलावंताला पैसे देण्याच्या रीती ठरलेल्या होत्या. देवळातल्या चौघडावाल्याला, कीर्तनकाराला किंवा गवयाला वर्षासन असे, म्हणजे वर्षाकाठी ठरलेली रक्कम किंवा धान्य. कुणाला इनाम जमीन मिळे. पाहुणा कलावंत आला तर बिदागी आणि शेला-पागोटं देऊन त्याची बोळवण होई. हे सगळं माणसासाठी होतं, त्याच्या लौकिकासाठी आणि बहुधा त्यानं आधीच मिळवलेल्या नावासाठी. अप्पासाहेबांनी विष्णुदासांना जे दिलं ते वेगळं होतं. नाव नसलेल्या मुलाला, अजून अस्तित्वात नसलेल्या वस्तूसाठी त्यांनी आधी खर्च दिला. पोशाख, दागिने, मुलांची तालीम, सगळं संस्थानाच्या आश्रयानं झालं.

आणखी एक गोष्ट त्यांनी दिली, जिची किंमत रुपयांत करता येत नाही. चांगल्या घरच्या मुलांनी तोंडाला रंग फासून नाचावं, हे त्या काळच्या समाजाला रुचणारं नव्हतं. सोंग घेणं हा हलक्या प्रतीचा धंदा समजला जाई. पण खुद्द राजाची आज्ञा म्हटल्यावर कुरकुरणारी तोंडं बंद होत. आजच्या भाषेत बोलायचं तर अनुदानाबरोबर त्यांनी आपली पतही दिली.

खेळ कसा असे? मागे एक पडदा. बाजूला सूत्रधार, त्याच्या साथीला टाळ-मृदंग. सूत्रधार सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभा राहून सगळी पदं म्हणायचा. आधी मंगलाचरण, मग उड्या मारत येणारा विदूषक, मग गणपतीची स्वारी, मग मोरावर बसून नाचत येणारी सरस्वती. एवढं झाल्यावर मूळ कथानक. पदं लिहिलेली, पण पात्रांचं बोलणं बहुतेक उत्स्फूर्त. सूत्रधारानं पदातून प्रसंग सांगायचा आणि नटानं त्याच्यावर आपल्या शब्दांत भाषण करायचं. राक्षस आला की आरडाओरडा आणि तलवारीचे हात. त्या आरोळीवरूनच या नाटकांना पुढे ‘अललडुर्र’ नाटकं म्हणू लागले. नंतरच्या पिढ्यांनी ते नाव थट्टेनं वापरलं आणि ते अन्यायाचं आहे. एका माणसानं कवी, शिक्षक, सूत्रधार, रंगभूषाकार आणि व्यवस्थापक होऊन हा खेळ शून्यातून उभा केला होता.

अप्पासाहेब असेपर्यंत रामायणातल्या एकेका प्रसंगावर नाटकं होत राहिली. १८५१ मध्ये ते वारले. वारस अल्पवयीन होता, कारभार दुसऱ्यांच्या हाती गेला आणि नाटकांवरचा खर्च चालू ठेवण्यात कुणाला रस उरला नाही. मंडळी तयार होती, सामान तयार होतं, आख्यानं पाठ होती, पण आश्रयदाता नव्हता. एका माणसाच्या आवडीवर उभ्या राहिलेल्या अनुदानाचा हा धोका सांगलीकरांनी तेव्हाच पाहिला.

विष्णुदासांपुढे दोन वाटा होत्या. सामान गुंडाळून ठेवायचं किंवा गावोगाव जायचं. ते गेले. १८५३ मध्ये त्यांची मंडळी मुंबईला पोचली आणि ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. हे नाटकगृह १८४६ साली जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर उभं राहिलेलं, मुख्यतः इंग्रजी खेळांसाठी. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या वजनदार लोकांनी सांगलीकरांचं कौतुक केलं. १८५४ मध्ये त्यांनी मुंबईत ‘राजा गोपीचंद’ हे नाटक हिंदीत केलं, कारण मुंबईचा प्रेक्षक एका भाषेचा नव्हता. दरबारात प्रेक्षक एकच आणि त्याची मर्जी राखली की झालं. इथे खिडकीवर पैसे मोजून आत शिरणारे शेकडो अनोळखी लोक होते. राजाच्या थैलीतून निघालेलं नाटक दहा वर्षांच्या आत तिकिटाच्या पेटीवर जगायला शिकलं. ते पाहून इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा नाटक मंडळ्यांनी बिऱ्हाडं बैलगाड्यांवर चढवली आणि महाराष्ट्र पायाखाली घातला.

पुढे विष्णुदास नाटकधंद्यातून बाजूला झाले. १८८५ मध्ये त्यांनी आपली पदं ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावानं छापून काढली आणि १९०१ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांनी केलेल्या बाहुल्या मात्र टिकल्या. बाहुलीकार रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा खेळवल्या. नाटकं पुढच्या पिढीनं मागे टाकली, ते साहजिकच होतं. पण ज्या पोरवयातल्या छंदामुळे अप्पासाहेबांची नजर या मुलावर पडली, तो छंद लाकडाच्या रूपात शिल्लक राहिला, ही गोष्ट मनाला फार भिडते.

सांगलीहून दहाएक किलोमीटरवर मिरज. पटवर्धनांचंच घराणं, पण १८०१ च्या सुमारास चिंतामणराव काकांशी वाटण्या करून सांगलीला आले आणि दोन गाद्या झाल्या. मिरजेच्या आश्रयाचा ओढा नाटकापेक्षा गाण्याकडे अधिक. कुरुंदवाडचा विष्णू दिगंबर पलुस्कर हा मुलगा लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली म्हणून उपचारासाठी मिरजेला आणला गेला. दृष्टी पूर्ण सुधारली नाही. त्याचा गळा पाहून संस्थानिकांनी त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं आणि त्याची सोय लावून दिली. इथेही तोच प्रकार झाला. नाव नसलेलं पोर, बेताचा खर्च आणि पुढचं काही माहीत नसताना टाकलेला विश्वास.

१८९६ मध्ये पलुस्करांनी मिरज सोडली. गुरूला गवई म्हणून मिळणारी दुय्यम वागणूक त्यांना सलत होती, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलेलं आहे. दरबारी गवई व्हायचं नाही, हा निश्चय करूनच ते बाहेर पडले. लगेच पुढच्या वर्षी सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते लोकांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर. म्हणजे सांगलीत नाटकाचं जे झालं, तेच मिरजेहून निघालेल्या माणसानं पन्नास वर्षांनी गाण्याचं केलं. फरक इतकाच की भाव्यांना आश्रय सुटल्यामुळे बाहेर पडावं लागलं आणि पलुस्करांनी तो आपण होऊन सोडला. दोघांनाही पहिलं पाऊल टाकायला बळ मिळालं ते संस्थानाच्याच पैशातून. राजाश्रय म्हटला की लाचारी आणि तिकीट म्हटलं की स्वाभिमान, अशी सोपी विभागणी केली जाते. कृष्णाकाठचा इतिहास तिला दाद देत नाही.

मिरजेत आश्रय आणखी एका वाटेनं पाझरला. १८५० च्या आसपास शहरात फरीदसाहेब नावाचे शिकलगार होते. तलवारी, भाले यांना धार लावणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. इंग्रजी अंमलात हत्यारांचं काम संपत चाललं होतं आणि त्याच वेळी दरबारात येणाऱ्या गवयांचे तंबोरे दुरुस्त करणारं जवळ कुणी नव्हतं. संस्थानिकांच्या उत्तेजनानं फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांत हात घातला. पोलादावर काम करणारे हात लाकूड आणि भोपळ्यावर वळले आणि एका घराचा धंदा गल्लीचा झाला. मिरजेची सितारमेकर गल्ली ती हीच. तुनाच्या लाकडाची दांडी, मंगळवेढा-पंढरपूर भागातून येणारे कडू भोपळे, त्यावर बसवलेली तबली. सगळ्यात नाजूक काम जवारीचं. घोडीचा माथा कानसेनं इतका हळुवार घासायचा की तार त्यावर पूर्ण टेकूही नये आणि पूर्ण सुटूही नये. मग तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत आवाज उघडेपर्यंत कान लावून बसायचं. याला कुठलं माप नाही, कारागिराचा कान हेच माप. फरीदसाहेबांना कुणी ‘योजना’ दिली नव्हती. त्यांना काम दिलं गेलं आणि झालेल्या कामाचे पैसे दिले गेले. कारागिराला याहून चांगलं अनुदान कोणतं असतं?

याच शहरात किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ स्थायिक झाले. १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात एका रेल्वे स्थानकावर त्यांचं निधन झालं आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांचं दफन झालं. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ वर्षानुवर्षं संगीत सभा भरते. तिथे गवई मानधनाकडे न पाहता हजेरी लावतात आणि रात्रभर लोक फुकट ऐकतात. थैली नाही, तिकीट नाही. ही तिसरी रीत, आणि तीही टिकली आहे.

आता औंध. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं हे गाव एका संस्थानाची राजधानी होतं. संस्थान बहात्तर गावांचं, तेही सलग नाही. काही गावं साताऱ्यात, आटपाडी-कुंडलसारखी आजच्या सांगली जिल्ह्यात, काही विजापूरच्या बाजूला. बराचसा मुलूख दुष्काळी, माणदेशातला. उत्पन्न यथातथाच. १९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे मात्र स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक होते. इतर संस्थानिक चित्रं विकत घेत, हा संस्थानिक ब्रश घेऊन बसे. रामायणातल्या प्रसंगांवर त्यांनी चित्रं काढली आणि १९१६ मध्ये ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध केलं. औंधच्या देवळात आजही त्यांच्या हातची चित्रं पाहायला मिळतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला घेतली, तेव्हा बाळासाहेबांनी एक लाख रुपये देऊ केले आणि चित्रांचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. औंधच्या ऐपतीच्या मानानं ती रक्कम डोळे दिपवणारी होती.

त्यांच्या लहान मदती लाखाच्या देणगीपेक्षाही जास्त बोलक्या आहेत. श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार. वेदांचा अभ्यास आणि राष्ट्रीय लेखन यांमुळे इंग्रज सरकारच्या नजरेत आलेले. १९१८ च्या सुमारास ते औंधला आले. संस्थानात त्यांना निवारा मिळाला, स्वाध्याय मंडळ उभं राहिलं आणि जवळजवळ तीस वर्षं त्यांनी तिथून वेदांचं प्रकाशन केलं. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर औंधच्या वातावरणात वाढले, नामवंत चित्रकार झाले आणि पुढे महाराष्ट्राचे कला संचालकही झाले. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये जागा मिळाली ती याच संस्थानाकडून, आणि तेही जे. जे.त चित्रकला शिकायला गेलेले होते. त्या माळावरच्या किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये निघालेल्या मासिकानं मराठी घरांत चित्रं, व्यंगचित्रं आणि नवे विचार पोचवले. माडगूळचे माडगूळकर बंधू याच संस्थानाच्या मुलखातले आणि ग. दि. माडगूळकर शिकले औंधला.

१९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभं राहिलं. बाळासाहेबांनी आयुष्यभर जमवलेली चित्रं आणि शिल्पं राजवाड्यात न ठेवता लोकांसाठी मांडली. राजा रविवर्मा, धुरंधर, सातवळेकर, राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रं, बंगाली शैलीची कामं, पाश्चात्य शिल्पांच्या प्रतिकृती आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचं दगडातलं ‘माता आणि मूल’. चित्रांवर वरून दिवसाचा उजेड पडावा अशी रचना मुद्दाम केली. यमाईच्या दर्शनाला चढून आलेला माणदेशी शेतकरी वाटेत मूरचं शिल्प पाहू शकेल, हे त्या काळी मुंबईलाही साधलं नव्हतं.

त्यानंतरचं पाऊल त्याहून धाडसाचं. १९३९ मध्ये, महात्मा गांधींच्या सल्ल्यानं आणि मॉरिस फ्रिडमन व राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्या मेहनतीतून, औंधात लोकांच्या हाती कारभार देणारी घटना लागू झाली. गावपंचायतींच्या हाती अधिकार आणि पैसा दोन्ही आले. बाळासाहेबांनी अशा रीतीनं आपल्या थैलीची दोरी स्वतःच सोडली. सांगलीला १८५१ मध्ये जो प्रश्न पडला, राजा गेल्यावर काय, त्याला औंधनं राजा हयात असतानाच दिलेली ही दोन उत्तरं होती: लोकांचं संग्रहालय आणि लोकांची पंचायत. मार्च १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली आणि पंचायतीचा प्रयोग मोठ्या राज्यात विरघळला. संग्रहालय टिकलं. आज ते राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे.

दरम्यान सांगलीनं आपला वारसा वर्गणीतून जपला. नोव्हेंबर १९४३ मध्ये, महायुद्धाच्या टंचाईत, मराठी रंगभूमीची शताब्दी सांगलीत साजरी झाली आणि नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष होते वि. दा. सावरकर. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आणि सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ही या भूमीची दोन माणसं एव्हाना मराठी नाटकाची दैवतं झाली होती. अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समितीनं विष्णुदासांच्या नावाचं नाट्यगृह आणि पदक चालवलं आणि ५ नोव्हेंबरला ते पदक रंगकर्मीला देण्याची प्रथा पडली.

संस्थानं गेल्यावर त्यांच्या जागी आल्या नगरपालिका, पुढे सांगली-मिरज-कुपवाडची महापालिका, आणि मुंबईचं सरकार. नगरपालिकांच्या कायद्यात कामांची दोन गाठोडी असतात: बंधनकारक आणि ऐच्छिक. दिवाबत्ती, पाणी, सफाई पहिल्यात, वाचनालयं आणि संग्रहालयं दुसऱ्यात. ऐच्छिक कामाला पैसा उरला तर मिळतो. तरीही साताऱ्याला शाहू कला मंदिर झालं, सांगलीला दीनानाथांच्या नावाचं नाट्यगृह आणि मिरजेला बालगंधर्वांच्या नावाचं. बालगंधर्वांनी १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीतून पहिली भूमिका केली ती मिरजेतच. या इमारती हव्या होत्या आणि त्या झाल्या हे उत्तमच. पण इमारतीला पैसा आणि त्यात काही नवं करू पाहणाऱ्याला कोरडा नमस्कार, ही सवय जडली, आणि ती या भागाच्या स्वतःच्या इतिहासाविरुद्ध आहे. सांगलीच्या अप्पासाहेबांनी नाटकगृह बांधलं नव्हतं, नाटक करायला लावलं होतं.

राज्य पातळीवर हा धागा दोन ठिकाणी सापडतो. १९५४ पासून सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेनं हौशी संघांना दरवर्षी नवं नाटक उभं करण्याचं निमित्त दिलं. आणि १९६० मध्ये कराडच्या यशवंतराव चव्हाणांनी स्थापलेल्या साहित्य संस्कृती मंडळानं, वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली, पुढे नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देण्यापर्यंत मजल मारली. पहिलं पुस्तक, म्हणजे पुन्हा नाव नसलेला माणूस आणि न झालेली वस्तू. चव्हाण आणि तर्कतीर्थ ही दोन्ही माणसं सातारा जिल्ह्याची असावीत, याचा या भागाला अभिमान वाटायला हरकत नाही.

सितारमेकर गल्लीतलं काम अजून चालू आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे ‘मिरजेचं’ हे नाव आता दुसऱ्याला लावता येणार नाही. कारागिराची अडचण त्या नावाच्या आधी सुरू होते. भोपळे हंगामात एकदम घ्यावे लागतात, ते आणि लाकूड वाळवत ठेवावं लागतं, आणि तोपर्यंत पैसा अडकून पडतो. वाद्य तयार होऊन गिऱ्हाईकाच्या कानाला पटेपर्यंत हाती काही येत नाही. मिरजेच्या संस्थानिकांनी फरीदसाहेबांना दिलं तसं काम, म्हणजे शहरातल्या शाळांसाठी, संगीत विद्यालयांसाठी, नाट्यगृहांसाठी दरवर्षी ठरावीक तंबोऱ्यांची मागणी आणि भोपळ्याच्या हंगामाआधी थोडी उचल, एवढं महापालिकेच्या ऐच्छिक गाठोड्यातून सहज निघू शकतं.